क्वीन म्हणजे एकटा फ्रेडी नव्हे

रॉक ऐकणाऱ्या मराठी मंडळींत लेड झेपेलिन आणि क्वीन या दोन ब्रिटिश बँडांबद्दल एक मत वारंवार फिरत असतं. लेड झेपेलिन हा चार तोडीच्या वादकांचा खरा बँड, क्वीन म्हणजे फ्रेडी मर्क्युरी आणि त्याच्या मागे उभे असलेले तिघे. झेपेलिनचं संगीत हाताने वाजवलेलं, क्वीनचं स्टुडिओत जुळवलेलं. झेपेलिनचा रॉबर्ट प्लांट खरा गायक, क्वीनकडून गाणारा फ्रेडी नुसता नट. झेपेलिन अस्सल, क्वीन उसना. आणि वर हेही, की फ्रेडी पाचगणीत शिकला नसता तर आपल्याकडे त्याला कुणी इतकं डोक्यावर घेतलं नसतं.

मला दोन्ही बँड मनापासून आवडतात, म्हणून हे मत जास्तच खटकतं. त्यात क्वीनवर अन्याय होतो आणि झेपेलिनचं कौतुक भलत्याच कारणासाठी होतं.

‘मागे उभे असलेले तिघे’ इथूनच सुरुवात करू. ‘वुई विल रॉक यू’ गिटारवादक ब्रायन मेचं आहे. ‘रेडिओ गागा’ ड्रमर रॉजर टेलरचं. १९८० साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे बेस वाजवणाऱ्या जॉन डीकनचं, म्हणजे चौघांतल्या सगळ्यात अबोल माणसाचं. १९७५ साली ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ची तबकडी निघाली तेव्हा तिच्या दुसऱ्या बाजूला टेलरचं गाणं होतं. तबकडीच्या विक्रीतून दोन्ही बाजूंच्या लेखकांना सारखेच पैसे मिळत, आणि एवढ्यावरून बँडमध्ये पुढे बराच काळ धुसफूस चालली. पगारी साथीदार असं भांडत नाहीत, बरोबरीचे हक्कदार भांडतात. १९८९च्या ‘द मिरॅकल’पासून त्यांनी सगळी गाणी चौघांच्या नावावर लावायला सुरुवात केली, तेव्हा कुठे हा वाद मिटला. पुढे साँगरायटर्स हॉल ऑफ फेममध्येही चौघांना गीतकार म्हणून स्थान मिळालं.

उलट झेपेलिन १९६८ साली उभा केला गिटारवादक जिमी पेजने, आणि त्यांच्या प्रत्येक अल्बमचा निर्माताही तोच होता. बेस आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सशिवाय ‘ब्लॅक डॉग’चा तो वळणावळणाचा गिटारचा तुकडा जन्मलाच नसता आणि जॉन बॉनमच्या ड्रम्सशिवाय तर झेपेलिनची कल्पनाच करता येत नाही. तरी अल्बमचा अंतिम आकार ठरवणारा हात एकाचा होता. यात कमीपणा काहीच नाही. पण एकखांबी तंबू शोधायचाच असेल, तर तो क्वीनमध्ये सापडणार नाही.

स्टुडिओच्या करामतीचं म्हणाल, तर ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’चा ऑपेराचा भाग फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांनीच थरावर थर चढवत गायला आहे, आणि मैफलीत तो भाग टेपवर लागे, बँड तेवढा वेळ मंचावरून आत जाई. हे खरं आहे आणि क्वीनने ते कधी लपवलं नाही. पण झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चे ड्रम्स ऐका. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात उंच जिन्याच्या तळाशी ड्रम्स मांडले, मायक्रोफोन वर जिन्यात टांगले, त्या आवाजाला प्रतिध्वनीच्या यंत्रातून काढलं आणि मग ध्वनिमुद्रणाचा वेग उतरवला. ‘स्टेअरवे टू हेवन’च्या सुरुवातीच्या बासऱ्या जोन्सने एकावर एक मुद्रित केल्या, मैफलीत त्यांच्या जागी कीबोर्ड वाजे. पेज दोन मानांची गिटार गळ्यात अडकवायचा तो रुबाबासाठी नव्हे. स्टुडिओत वेगवेगळ्या गिटारींवर वाजवलेलं सगळं मंचावर एकट्याला निभवायचं असे. स्टुडिओ हेही वाद्यच आहे आणि ते दोघांनीही उत्तम वाजवलं.

आता प्लांट आणि फ्रेडी. इथे माझा सगळ्यात जास्त जीव अडकतो, कारण ‘गायक विरुद्ध नट’ असं म्हटलं की दोघांचंही मर्म हातातून निसटतं. प्लांटचे सवाल-जवाब पेजच्या गिटारशी चालत, फ्रेडीचे समोरच्या गर्दीशी. १९७५ सालच्या मैफलींत ‘डेझ्ड अँड कन्फ्युझ्ड’ अर्ध्या तासाच्या पलीकडे जाई. पेज एक तुकडा टाकतो, प्लांट तो गळ्याने परत करतो, शब्द कधीच गळून पडलेले असतात आणि श्रोता त्या दोघांचं चाललेलं ऐकत राहतो. फ्रेडी मात्र मैदानातल्या शेवटच्या रांगेला त्यात ओढतो. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बलीवर, लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत मिळालेल्या जेमतेम वीस मिनिटांत, त्याने वाद्यं थांबवून नुसत्या आवाजाच्या लकेरी फेकल्या आणि अख्ख्या स्टेडियमने त्या झेलून परत दिल्या. लकेर किती अवघड केली तरी गर्दीला पेलेल, याचा अचूक अंदाज गाण्याची उपजत जाण असल्याशिवाय येत नाही. आणि निव्वळ नट पियानोवर बसून ‘समबडी टू लव्ह’ लिहीत नाही.

त्याच दिवशी लाइव्ह एडच्याच फिलाडेल्फियातल्या मैफलीत झेपेलिनचे उरलेले तिघे फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्पसन या दोन पाहुण्या ड्रमरांसह उभे राहिले आणि कार्यक्रम फसला. हा दाखला देऊन झेपेलिनला हिणवणारे क्वीनप्रेमीही मला पटत नाहीत. बॉनमला जाऊन तेव्हा जवळजवळ पाच वर्षं झाली होती. ज्यांचं संगीत चौघांच्या आपसातल्या बोलण्यावर उभं होतं, त्यातला एक गेल्यावर पाहुण्यांच्या भरवशावर ते कसं जमावं? २००७ साली लंडनला बॉनमचा मुलगा जेसन नीट तालमी करून ड्रम्सवर बसला, तेव्हा ते पुन्हा जमलं.

‘अस्सल विरुद्ध उसना’ हा मुद्दा लवकर आटपतो. क्वीनच्या सुरुवातीच्या अल्बमांवर झेपेलिनची छाप आहे, आणि मे ते ऋण मोकळेपणाने मान्य करतो. पण ‘होल लॉटा लव्ह’वरून ब्लूजकार विली डिक्सनने १९८५ साली झेपेलिनवर दावा लावला, तो तडजोडीने मिटला आणि गाण्याच्या श्रेयात डिक्सनचं नाव आलं. रॉक असंच एकमेकांकडून घेत वाढलं. क्वीनच्या ‘इन्युएंडो’त झेपेलिनच्या ‘काश्मीर’चं वळण स्पष्ट ऐकू येतं. फ्रेडी गेल्यानंतर २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली, तेव्हा ‘इन्युएंडो’ गायला रॉबर्ट प्लांट स्वतः क्वीनसोबत उभा राहिला आणि त्यात त्याने ‘काश्मीर’च्या ओळीही गुंफल्या. चाहत्यांनी मांडलेलं वैर त्या मंचावर कुठे दिसलं नाही.

राहिली पाचगणी. झांझिबारच्या पारशी घरातला फारूख बुलसारा तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि हेक्टिक्स नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि त्यात गैर काहीच नाही. पण आवड जर अशा नात्यांवर ठरत असती, तर झेपेलिनची बाजू अधिक भक्कम होती. पेज आणि प्लांट १९७२ साली मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ध्वनिमुद्रित केली, आणि २०१५ साली ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत ती प्रसिद्धही झाली. इतकं असूनही ज्याने दोघांपैकी कुणाचाही अल्बम कधी ऐकलेला नाही, त्यालासुद्धा दोनदा पाय आपटून एक टाळी वाजवायचा तो ठेका येतो. तो ठेका ब्रायन मेचा आहे, आणि त्याचा पाचगणीशी काही संबंध नाही.