होखडोर्फची कबर आणि होएनआस्पेर्गचा किल्ला: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. जर्मनीत स्टुटगार्टच्या उत्तरेला असलेल्या होएनआस्पेर्ग किल्ल्याच्या टेकडीवर केल्ट लोकांचे (युरोपातील एका प्राचीन समाजाचे) सत्ताकेंद्र होते, असे मी ठामपणे लिहिले. तिथे तसे अवशेष मिळालेले नसताना हे कल्पनारंजन ठरते, असे आपले म्हणणे आहे. शिवाय इ.स.पू. ५३०च्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे महाजनपदे नांदत असताना बांधलेल्या होखडोर्फच्या कबरीला 'प्रागैतिहासिक' म्हणणे आपल्याला खटकले.

'होते' ऐवजी 'असावे' लिहायला हवे होते, हे मला मान्य आहे आणि तशी दुरुस्ती मी केली आहे. मात्र त्या टेकडीवर मध्ययुगात वस्ती होती आणि १५३५ पासून ती पायथ्याशी हलवून वर भक्कम दुर्ग उभारला गेला. इतक्या बांधकामाखाली जुने थर शाबूत राहतील अशी अपेक्षाच करता येत नाही. त्यामुळे अनुमानाचा सगळा भार भोवतालच्या कबरींवर आहे. क्लाइनआस्पेर्गलेच्या टेकाडात १८७९ साली ग्रीसहून आलेले पेले मिळाले. ग्राफेनब्यूलची कबर चोरांनी लुटलेली असूनही १९६४-६५च्या उत्खननात तिच्यातून अंबराचा, म्हणजे अश्मीभूत राळेचा, चेहरा बसवलेली स्फिंक्सची (सिंहाचे धड आणि माणसाचे डोके असलेल्या काल्पनिक प्राण्याची) छोटी मूर्ती हाती लागली. अशा दूरदेशीच्या मौल्यवान वस्तू एकाच टेकडीच्या परिसरात वारंवार सापडतात, तेव्हा तिथे कोणी बलाढ्य घराणे नांदत असावे असे मानणे मला वावगे वाटत नाही.

तिथून सुमारे १० किलोमीटरवर होखडोर्फची कबर आहे. पुरातत्त्वज्ञ यॉर्ग बील यांनी १९७८-७९मध्ये ती उघडली, तेव्हा ती अभंग होती. पितळी नव्हे, काशाच्या लांबलचक बाकावर निजवलेला पुरुष, चारचाकी गाडा, पिण्याची नऊ शिंगे आणि मधाच्या मद्याचा साका उरलेली प्रचंड कढई. कढईच्या काठावर तीन सिंह आहेत. त्यांतला एक स्थानिक कारागिराने नंतर बसवलेला असून तो उरलेल्या दोघांहून वेगळा दिसतो. मृताच्या जोड्यांवरचे सोन्याचे पत्रे तर डाव्याचे उजव्याला आणि उजव्याचे डाव्याला चढवले गेले आहेत. सोनाराच्या कामाचे अवशेषही तिथेच सापडले, म्हणजे हे सोने अंत्यविधीसाठी मुद्दाम घडवले असावे. दफन करणाऱ्यांचे हात इतक्या जवळून दिसतात, म्हणून मी या कबरीवर एवढे लिहिले.

राहिला शब्दाचा प्रश्न. या लोकांनी स्वतःबद्दल एक ओळही लिहून ठेवलेली नाही, म्हणून युरोपात हा काळ प्रागैतिहासिक मानतात. परंतु विदर्भातील माहुरझरीच्या शिळावर्तुळांना आपण वापरतो तो 'आद्यैतिहासिक' (लिखित इतिहासाच्या उंबरठ्यावरचा) हा शब्द मराठी वाचकाला अधिक नेमका वाटेल. पुढील लेखात मी तोच वापरीन.