ड्रेस्डेनची मिरवणूक मध्ययुगातली नाही

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात, राजवाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर घोडेस्वारांची शंभरेक मीटर लांब मिरवणूक आहे. तिचा फोटो सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. खाली मजकूर: 'आठशे वर्षांपूर्वी रंगवलेले मध्ययुगीन नाइट्स. महायुद्धाच्या बॉम्बवर्षावातही साधा ओरखडा उठला नाही.' फोटो खरा आहे, पण मजकूर तपासून कुणी पुढे पाठवलेला दिसत नाही.

आधी वय. 'फ्युर्स्टेनत्सुग', म्हणजे राज्यकर्त्यांची मिरवणूक, विल्हेल्म वाल्टर या चित्रकाराने 1870च्या दशकात काढली. सॅक्सनीवर राज्य करणाऱ्या वेटिन घराण्याला 1889 साली आठशे वर्षं पूर्ण होणार होती, त्यानिमित्त. घराण्याचं वय चित्राला चिकटलं ते असं.

'रंगवलेले' हेही बरोबर नाही. वाल्टरने गिलाव्याचे थर खरवडून चित्र काढलं होतं. ते उन्हापावसात झिजू लागलं, म्हणून 1904 ते 1907 दरम्यान तेच चित्र माइसेनच्या चिनी मातीच्या सुमारे 23 हजार फरशांवर उतरवलं गेलं. आज भिंतीवर दिसतात त्या या फरशा.

ओरखड्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. 13 फेब्रुवारी 1945च्या रात्री शहर पेटलं आणि जवळचं फ्राउएनकिर्शे हे भव्य चर्च दोन दिवसांनी कोसळलं. मिरवणूक बरीचशी वाचली, कारण या फरशा आधीच भट्टीच्या प्रचंड आचेतून निघालेल्या होत्या. पण नुकसान झालंच. दोनशेहून अधिक फरशा पुढे नव्याने बनवाव्या लागल्या. ओरखडाही नाही म्हणताना आपण त्या कारागिरांची मेहनतच नाकारतो.

राहिले नाइट्स. घोड्यांवरचे मुख्य स्वार आहेत सॅक्सनीचे 35 राज्यकर्ते, बाराव्या शतकातल्या कोनराडपासून 1904 साली वारलेल्या राजा गेऑर्गपर्यंत. एकमेकांपासून शतकांच्या अंतरावर जगलेली ही माणसं. अशी मिरवणूक प्रत्यक्षात कधी निघणं शक्यच नव्हतं. फोटो मोठा करून पोशाख पाहा: आधी चिलखतं, मग कुरळे विग, मग लष्करी गणवेश. 1918 साली पायउतार झालेला शेवटचा राजा तिसरा फ्रीडरिश आउगुस्ट यात नाहीच. राजांच्या मागून पायी चालताहेत विद्वान, कलावंत, कारागीर, शेतकरी. आणि त्या शेवटच्या घोळक्यात दाढीवाला वाल्टर, स्वतः काढलेल्या मिरवणुकीत सामील झालेला.