भियेलों म्हण, तटस्थ म्हणू नकोस

आज १८ जून. सकाळी सहालाच आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲडमिनने राममनोहर लोहियांचा फोटो टाकला, 'गोवा क्रांतिदिनाच्या शुभेच्छा'. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. दुपारी मी गाझातल्या मुलांचा फोटो टाकला. जेवण मिळेल म्हणून पातेली घेऊन उभी असलेली मुलं. पाच मिनिटांत त्यानेच तो काढला. खाली लिहिलं, "इथे राजकारण नको. दोन्ही बाजू सारख्याच. आपण तटस्थ."

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

माझा आजो गोव्यातल्या पेडण्याचा. पत्रादेवी आमच्या घरापासून लांब नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे पाकल्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी, गोवामुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. तिन्हीसांजेला भर पावसात एक माणूस आमच्या अंगणात आला. हिंदीत पाणी मागत होता. आजीने तांब्या भरला. आजोने दाराला अडणा, आतला आडवा दांडा, घातला. तो किती वेळ हाका मारत होता, ते आजीने कधीच सांगितलं नाही. पहाटे दार उघडलं तर पायरीवर एकच चप्पल, आणि तांब्या अजून तिच्या हातात.

त्या दिवशी सगळ्या सीमेवर मिळून वीसहून जास्त माणसं गेली. कर्नैल सिंग पंजाबचे. सहोद्राबाई राय मध्य प्रदेशातल्या, हातात झेंडा असताना गोळ्या लागल्या त्यांना. आणि ज्यांचा फोटो सकाळी फिरवलात, ते लोहिया तरी कुठे गोव्याचे? असोळण्याला ज्युलियांव मिनेझिसांच्या घरी विश्रांतीसाठी आले होते. पडून राहायचं सोडून १८ जून १९४६ ला मडगावला पावसात सभेला का उभे राहिले? आपल्या भांडणात त्यांचं काय अडलं होतं?

डिसेंबर १९६१ मध्ये सुरक्षा परिषदेत ठराव आला की लढाई थांबवा, भारताने गोव्यातलं सैन्य मागे घ्यावं, बोलून मिटवा. ऐकायला किती शहाणपणाचं! साडेचारशे वर्षं ज्यांनी राज्य केलं त्यांच्याशी बोलून मिटवा. रशियाने नकाराधिकार वापरला हे सगळ्यांना पाठ आहे. पण विरोधात हात वर करणाऱ्यांत सिलोन होता, इजिप्त होता, लायबेरिया होता. लायबेरियाचं गोव्यात काय होतं हो?

हो, ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशे पळवून नेली. तो खूनच होता, आणि माझ्या तोंडून ते निघालंच पाहिजे. बाजू घेतली म्हणजे आपल्या बाजूने सांडलेलं रक्तही आपल्याच अंगणात येतं. इथे पोर्तुगिजांविरुद्ध आझाद गोमंतक दलानेही शस्त्रं उचललीच होती, आणि चौकीतल्या शिपायालाही घरदार होतं. पण म्हणून गाझातली पन्नास हजारांवर माणसं आणि उपाशी पोरं 'दोन्ही बाजू सारख्याच' या तीन शब्दांत गुंडाळून टाकायची? पातेलं घेऊन उभी राहिलेली सात वर्षांची पोर कुठली बाजू?

आता थोडं शांतपणे लिहितो. ज्याने फोटो काढला तो माझा जुना दोस्त. त्याचा मुलगा तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला आहे, तांबड्या समुद्रातून जहाज जातं तेव्हा घरात कोणी झोपत नाही. वर हल्ली कोण कुठला स्क्रीनशॉट कुठे पोचवेल, सांगता येत नाही. कळतं रे मला. तुझ्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं.

पण मग तसं म्हण ना.

आजोने तसंच म्हटलं. मी दहा-बारा वर्षांचा असताना चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत मूठ घालून खेळत होतो. विचारलं, ही कसली? म्हणाला, अडण्याची. अडणा कुठे? "जाळलो." का? बराच वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "हांव भियेलों रे." मी घाबरलो, एवढंच. दोन्हीकडचे सारखेच होते, आपल्याला काय करायचंय, असलं काही नाही. जाईपर्यंत ते दार त्याने रात्रीही नुसतं लोटून ठेवलं. आई चोरांच्या भीतीने कुरकुरायची.

तो फोटो इथे खाली देतो आहे, इथून कोणी काढणार नाही. डावीकडून तिसरी मुलगी बघा. पातेलं छातीशी धरलंय, आणि ऊन लागू नये म्हणून झाकण डोक्यावर.