‘आधी व्याकरण शिका’ म्हणणाऱ्या वाचकाला

गेल्या आठवड्यातल्या माझ्या ऊसतोडीच्या कथेवर एका वाचकानं लिहिलंय: “ताई, विषय चांगला आहे, पण निवेदनात ‘व्हतं’, ‘म्या’, ‘ठिवलं’ कशाला? बोली पात्रांच्या तोंडी ठीक, निवेदन प्रमाण मराठीतच हवं. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, काळ मध्येच बदलतो, शेवटही ओढूनताणून केलाय. आधी व्याकरण शिका, मग कथा लिहा.”

तुम्ही ताई म्हणालात, म्हणून दादा म्हणते. टीकेचं मला वावडं नाही. कुठे अडखळलात ते दाखवा, मी पुन्हा वाचून बघेन. पण ‘आधी व्याकरण शिका’ ही सूचना नव्हे, दादा. हे पायरी दाखवून देणं आहे. ‘व्हतं’ लिहिणाऱ्या बाईला ‘होतं’ लिहिताच येत नसणार, असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. अनोळखी बाईला ‘शिका’ म्हणण्याआधी ती काय शिकलीय, हे विचारलं असतं तर?

न विचारता सांगते. मी बीडकडची, ऊसतोड कामगाराची मुलगी. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर साखर कारखान्यावर निघायचं आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परतायचं, त्यात माझी शाळा झाली. पुढे पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक झाले. दुसऱ्यांच्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ, सामान्यरूपं आणि अनुस्वार तपासून माझं घर चाललंय. साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखननियम माझ्या टेबलावर कायम असायचे. पात्राच्या तोंडी ‘केलं’, ‘म्हटलं’ अशी बोलण्यातली रूपं घालायची मोकळीक त्याच नियमांत आहे. तुम्हीही ती देता. मग माझी कथा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पात्राच्याच तोंडी आहे, हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

सांगणारी मी नाही. नवऱ्याबरोबर उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन आलेली, मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता म्हणून लागलेली बाई सांगतेय; नवरा-बायको मिळून तिथं एक कोयता धरतात. तिचं वाक्य असं आहे: ‘पाचट अंगाला चरचरत व्हतं, पर मोळी खाली ठिवली आस्ती तर मुकादम बोलला आस्ता.’ तुमच्या म्हणण्याप्रमाणे करून बघते: ‘पाचट अंगाला चरचरत होते, परंतु मोळी खाली ठेवली असती, तर मुकादमाने सुनावले असते.’ व्याकरण बिनचूक आहे. पण ही बाई फडात नाही, बांधावर उभी राहून बघतेय. तिच्या डोक्यावरची मोळी मीच काढून घेतल्यासारखं झालं.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीत (१९५५) धनगर आपल्या बोलीत बोलतात आणि निवेदन प्रमाण भाषेत आहे, कारण सांगणारा शाळामास्तर आहे. तिथं ती वाटणी चोख बसते. माझ्या कथेत मास्तर नाही. तिनं नवऱ्याशी एका भाषेत बोलायचं आणि स्वतःच्या मनाशी पाठ्यपुस्तकाच्या भाषेत, असं का? आमची बोली अवतरणचिन्हांच्या कुंपणात ठेवली तरच चालते, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. वर्गात ‘व्हतं’ म्हटलं की बाकीची पोरं हसायची आणि बाई त्यांना थांबवायच्या नाहीत. तुमच्या वाक्यात मला तेच हसू ऐकू आलं. तुमचा तसा हेतू नसेल, पण शब्द तुमचेच आहेत.

काळ बदलतो, कारण ती आठवता आठवता त्या दिवसात शिरते. माणसं तोंडानं गोष्ट सांगतात तेव्हा असंच होतं. शेवट पटला नसेल तर नसेल, त्यावर वाद घालत नाही.

अवतरणचिन्हांचं म्हणाल तर विरामचिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीनं. त्याआधी महानुभावांच्या जुन्या ‘लीळाचरित्रा’त पानोपानी संवाद आहेत आणि ‘म्हणीतलें’ एवढ्यावर कोण बोलतंय ते कळतं. तरी उचल फेडण्याच्या प्रसंगात तिघं एकदम बोलतात, तिथं वाचणारा गोंधळू शकतो, हे तुमचं बरोबर आहे. तिथं मी दोनदा ‘मुकादम म्हनला’ घातलंय. अवतरणचिन्हं घालणार नाही.