पहिल्या तासातलं प्रेम

आमच्या कंपनीच्या इन्स्टाग्राम पोस्टला एखाद्या अनोळखी माणसाचं लाइक आलं की मार्केटिंगच्या चॅनेलवर खळबळ उडते. कोण हा? कुठला? आपल्यापैकी कुणाचा मेहुणा तर नाही? बहुतेक वेळा मेहुणाच निघतो.

बाकीची लाइक्स आमची आमचीच असतात. तसा नियमच आहे. पोस्ट पडली की स्लॅकवर, म्हणजे आमच्या ऑफिसच्या गप्पांच्या ॲपवर, घंटा वाजते, "गाइज, न्यू पोस्ट इज लाइव्ह, शो सम लव्ह!" आणि मग इंदूर, गुवाहाटी, गुरुग्राम, नागपूर, बेंगळुरू आणि धायरी इथे आपापल्या घरात बसलेल्या आम्ही सगळ्यांनी तासाभराच्या आत त्या पोस्टवर प्रेम करायचं. तासाभरातच का, तर कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारा इन्स्टाग्रामचा अल्गोरिदम पहिल्या तासात कोणाकोणाचं मन द्रवलं ते बघतो, असं आमच्या मार्केटिंग हेडचं ठाम मत आहे. नंतरचं प्रेम हिशेबात धरत नाहीत म्हणे.

आम्ही विकतो थालिपिठाची भाजणी, मेतकूट, डांगराचं पीठ आणि हल्ली बाजरीची कुकी. ही कुकी म्हणजे २०२३ ची देणगी. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं आणि माझ्या आजीनं परिस्थितीमुळे जन्मभर खाल्लेली बाजरी एकदम सुपरफूड झाली, किंमतही सुपर झाली. कंपनी वाढती आहे. म्हणजे खर्च वाढतो आहे, विक्री मागून येईल असा सगळ्यांचा विश्वास आहे.

मी तिथे कंटेंट लीड. त्याआधी बरीच वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक होते. रात्री पान सोडलं की आपला संबंध संपला. सकाळी वाचकानं अग्रलेख वाचला की त्यात भेळ बांधली, हे विचारायला कुणी जात नसे. शिवाय आपल्याच पेपरातली बातमी वाचून आपणच "वा, काय बातमी आहे!" असं संपादकांना पत्र पाठवायची प्रथा नव्हती. इथे आहे.

नुसतं लाइक करूनही भागत नाही. कॉमेंट लागते, तीही चार शब्दांहून मोठी. ही चार शब्दांची अट कुठून आली याचा मी शोध घेतला. जानेवारी २०१८ मध्ये झुकेरबर्गनं जाहीर केलं की यापुढे फेसबुकवर लोकांमधल्या अर्थपूर्ण संवादाला प्राधान्य मिळेल. त्यातला 'अर्थपूर्ण' हा भाग आमच्यापर्यंत येईतो शब्दसंख्येत उतरला. आता इंदूरचे अकाउंट्सवाले सभ्य गृहस्थ प्रत्येक पोस्टखाली "व्हेरी नाइस प्रॉडक्ट बाय अवर कंपनी" असं लिहितात. 'अवर' लिहू नका, असं त्यांना तीनतीनदा सांगून झालं. ते म्हणतात, "मॅडम, झूठ कैसे लिखूँ?"

बॅकएंडवाल्या मुलांनी तर एकच कॉमेंट लिहून ठेवली आहे आणि ती ते आळीपाळीनं चिकटवतात. जुलैत पावसानं भिवंडीच्या गोदामाचा रस्ता बंद झाला, तेव्हा आम्ही दिलगिरीची पोस्ट टाकली: आपल्या ऑर्डरी उशिरा पोचतील, क्षमस्व. पहिल्या तासाच्या आत तिच्याखाली ओळीनं, "यम्मी! लुक्स सो गुड, कान्ट वेट!" ज्यांची भाजणी भिवंडीत अडकली होती त्या ग्राहकांनी यावर जे लिहिलं ते मात्र खरोखर अर्थपूर्ण होतं.

आमचा डिझायनर गुवाहाटीचा. अतिशय गुणी मुलगा, पण मराठी वाचता येत नाही आणि त्यात त्याचा काही दोष नाही. दोष त्या सॉफ्टवेअरचा. चित्रं करायच्या त्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचं सेटिंग वेगळं असतं. ते लावलं नाही तर वेलांट्या जागा सोडतात आणि रफार खाली उतरतो. गुढीपाडव्याच्या पोस्टवर गुढी सुरेख होती, साखरेच्या गाठींवर सकाळचं ऊन होतं, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'हार्‌दकि शुभेच्छा'. मला ती दिसेपर्यंत पहिला तास उलटून गेला होता. सगळ्यांचं प्रेम करून झालं होतं. "सच डीप मीनिंग इन दिस वन", असं खुद्द एचआरनं लिहिलं होतं.

मी मार्केटिंग हेडला फोन केला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढा. तो म्हणाला, "काढली तर एंगेजमेंट, सगळी लाइक्स-कॉमेंट्स, जाईल." तेवढ्यात चमत्कार झाला. एक खराखुरा, कुणाचाही मेहुणा नसलेला माणूस पोस्टवर आला आणि त्यानं विचारलं, "हार्‌दकि म्हणजे काय?" दुसऱ्यानं उत्तर दिलं, "सैराट झालेली वेलांटी." तिसऱ्यानं मराठीच्या भवितव्यावर परिच्छेद लिहिला, चौथ्यानं त्याचं शुद्धलेखन काढलं. संध्याकाळपर्यंत अशी जुंपली की आमची ती त्या तिमाहीतली सर्वात चाललेली पोस्ट ठरली. रिव्ह्यू मीटिंगमध्ये तिचा वेगळा स्लाइड होता. अक्षय्य तृतीयेला असंच काहीतरी मुद्दाम करता येईल का, असं मला विचारण्यात आलं.

आता कल्चरविषयी. आमचे फाउंडर मूळचे साताऱ्याचे, राहतात बेंगळुरूला. त्यांनी कुठेतरी 'बफर'विषयी वाचलं. सोशल मीडियाच्या पोस्टचं वेळापत्रक लावून देणारी ही कंपनी. माणसं जगभर विखुरलेली, २०१५ मध्ये तर त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोचं ऑफिससुद्धा सोडून दिलं. त्याआधी, डिसेंबर २०१३ मध्ये, त्यांनी सीईओपासून सगळ्यांचे पगार वेबसाइटवर लावले होते. फाउंडर भारावले. पुढच्याच महिन्यात आमचं ऑफिस सोडलं, भाडं वाचलं. पगार जाहीर करण्याचा मुद्दा 'पुढच्या तिमाहीत' घ्यायचं ठरलं. तो अजून पुढच्याच तिमाहीत आहे.

ऑफिस गेल्यावर आपलेपणा कुठून आणायचा, हा प्रश्न एचआरकडे आला. त्यांनी तो स्लॅककडे सोपवला. हे स्लॅक मुळात एका ऑनलाइन खेळ बनवणाऱ्या कंपनीनं आपसात बोलण्यासाठी तयार केलं होतं. २०१२ मध्ये खेळ बंद पडला, बोलणं उरलं. तिथे काम कमी आणि बोलणं फार का होतं, याचा उलगडा मला हे वाचल्यावर झाला.

स्लॅकवर आमच्याकडे एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, आहे. तो दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून कोणत्याही दोघांना पकडतो आणि व्हर्च्युअल चहाला बसवतो. कॅमेरा चालू ठेवायचा, कामाविषयी बोलायचं नाही, आणि गप्पा मनमोकळ्या झाल्याचा स्क्रीनशॉट टाकायचा. एकदा माझी गाठ डेटाचं काम करणाऱ्या एका पोराशी पडली. माझ्या भाच्याहून लहान, पण कंपनीच्या रिवाजाप्रमाणे मला नुसत्या नावानं हाक मारतो, आणि दरवेळी त्याच्याच चेहऱ्यावर अपराध दिसतो. बॉटनं विषय दिला होता: तुम्ही प्राणी असता तर कोणता? दोघंही बराच वेळ विचारात पडलो. शेवटी तो हळूच म्हणाला, "ते जाऊ दे, कुकरमध्ये तांदळाला पाणी किती घालायचं? माझा रोज गिचका होतो." मग मात्र आमचं मेतकूट असं जमलं की वेळ संपल्याचं कळलं नाही. जुना तांदूळ, नवा तांदूळ, शिट्ट्या, गॅस कधी बारीक करायचा, सगळं झालं. स्क्रीनशॉट काढायचा राहिला. त्यामुळे ती भेट झाली नाही असं धरण्यात आलं.

शुक्रवारी मूड सर्व्हे. एक ते पाचमध्ये आपला आनंद सांगायचा. तीन किंवा खाली आला की एचआरकडून 'चेक-इन' म्हणून अर्ध्या तासाचा कॉल लागतो, त्यात आपल्याला बरं का वाटत नाही यावर बोलावं लागतं, आणि तो अर्धा तास शुक्रवारी संध्याकाळी असतो. त्यामुळे कंपनीत सगळे कायम पाच असतात. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाईट गेलेली असते, मी पार्किंगमध्ये कुणाच्या तरी ॲक्टिव्हावर बसून, फोनच्या हॉटस्पॉटवर, डासांना एका हातानं वारत मीटिंग केलेली असते. शुक्रवारी मीही पाच. फाउंडर हा आकडा लिंक्डइनवर टाकतात. त्यावरही पहिल्या तासात प्रेम करावं लागतं.

मध्यंतरी रीलची टूम आली. तशी ती जुनीच. जून २०२० अखेरीस सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली, जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले, आणि तेव्हापासून पीठ विकायचं तरी नाचावं लागतं. पहिल्या तीन सेकंदांत माणसाला धरायचं, त्याला हुक म्हणतात. भाजणीच्या रीलसाठी गुरुग्रामहून हुक आला: "तुमच्या आजीनं तुमच्यापासून हे लपवून ठेवलं होतं!" आजी म्हणून माझ्या सासूबाई उभ्या राहणार होत्या. त्यांनी वाक्य ऐकलं आणि उलथनं खाली ठेवलं. "मी काय लपवलं? सगळ्यांना बोलवून बोलवून सांगते. कुणी ऐकत नाही, त्याला मी काय करू?"

कशाबशा तयार झाल्या. कढईत ज्वारी घातली, मंद आचेवर हलवायला लागल्या. गुरुग्रामचा मुलगा व्हिडिओ कॉलवरून दिग्दर्शन करत होता. आंटीजी, थोडा फास्ट. आंटीजी, स्माइल. आंटीजी, धुआँ चाहिए. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "धूर आला म्हणजे करपलं, एवढं याला सांग." मी सांगितलं. तो म्हणाला, नंतर एडिटमध्ये टाकतो. मग बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, शेवटी धने-जिरे, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो. या सगळ्याला दुपार गेली. रीलमध्ये त्याचे एकूण चार सेकंद आले, मागे पंजाबी गाणं, आणि कढईतून खोटा धूर. सासूबाईंना तो रील त्यांच्या बहिणींना दाखवायची अजून लाज वाटते.

पैसे देऊन केलेल्या जाहिरातींचं वेगळंच. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या कंपनीच्या, जाहिरातीला आधी 'लर्निंग फेज' असते, म्हणजे आठवड्यात साधारण ५० ऑर्डरी आल्या की तिला कळतं आपण कुणाला दिसायचं ते. आमच्या जाहिराती अखंड शिकत असतात. काही शिकता शिकताच निवृत्त झाल्या.

आणि अशात एक दिवस डोंबिवलीहून ऑर्डरी यायला लागल्या. एकाच पिनकोडवरून, भाजणी आणि मेतकूट, मेतकूट आणि भाजणी. डॅशबोर्डवर त्यांच्यापुढे फक्त 'डायरेक्ट' असं यायचं. म्हणजे कुठल्याही जाहिरातीवरून, कुठल्याही रीलवरून नव्हे, माणसं आपल्या पायांनी आली होती. कंपनीत आनंदापेक्षा धास्ती पसरली. तातडीची मीटिंग झाली. मार्केटिंग हेडनं सांगितलं की याला 'डार्क सोशल' म्हणतात, आणि पडद्यावर काळ्या रंगाचं वर्तुळ दाखवलं. बॉट असावेत, असं इंजिनीअर म्हणाले. प्रतिस्पर्ध्याचा डाव असावा, असं फाउंडर म्हणाले. बॉट मेतकूट कशाला मागवेल, असं इंदूरचे अकाउंट्सवाले म्हणाले, पण ते म्यूटवर होते.

शेवटी नागपूरच्या सपोर्टवाल्या मुलीनं कुणाला न विचारता एका ग्राहकबाईंना फोन लावला. "ताई, आपल्याला आमच्याबद्दल कुठून कळलं?" त्या म्हणाल्या, "आमच्या भिशीत एका वहिनींनी थालीपीठ केलं होतं. विचारलं भाजणी कुठली, त्यांनी ग्रुपवर टाकलं." "आमचं इन्स्टाग्राम पाहिलंत का?" "नाही बाई. ते माझी सून बघते."

एवढ्यावर कुणी थांबलं असतं. आमच्या फाउंडरनी दुसऱ्या दिवशी 'भिशी फनेल' नावाचं डेक, म्हणजे स्लाइडांचं सादरीकरण, पाठवलं. यापुढे प्रत्येकानं किमान दोन खासगी वॉट्सॲप ग्रुपवर, एक नात्यातला आणि एक सोसायटीतला, आपल्या मालाविषयी मनापासून लिहायचं. मनापासूनचा मसुदा सोबत जोडला होता. स्क्रीनशॉट शुक्रवारपर्यंत.

सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या पैशांवरून चाललेल्या भांडणात माझं मेतकूट वाहून गेलं, तो प्रश्न मिटला. माहेरच्या ग्रुपचे ॲडमिन मात्र मोठे काका. निवृत्त नायब तहसीलदार. मजकूर वाचून त्यांनी ताबडतोब ग्रुप 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' असा करून टाकला आणि मला वेगळा निरोप पाठवला: "जाहिरात सदृश मजकूर यापुढे आधी माझ्याकडे सादर करावा." मी सादर केला. तो दुरुस्त होऊन परत आला. "अस्सल हा शब्द तीनदा आला आहे, दोन वगळले. आजीचा उल्लेख अनावश्यक. मेतकुटात हिंगाचे प्रमाण किती, सुंठ आहे काय, याचा खुलासा करावा." इतकी वर्षं मी लोकांच्या बातम्यांचं जे केलं तेच. मी निमूट खुलासा केला. काकांनी मजकूर स्वतःच्या नावानं टाकला, खाली वजन आणि दर दिले, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आत्या-मावश्यांनी मागवून टाकलं. काकांनी सांगितल्यावर न मागवण्याची कुणाची छाती नाही.

स्क्रीनशॉटवर नाव काकांचं होतं. एचआरच्या शीटमध्ये तेच चढलं. शुक्रवारच्या ऑल-हँड्समध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये, आठवड्याचा 'कल्चर चॅम्पियन' म्हणून ते नाव झळकलं तेव्हा फाउंडर म्हणाले, हा माणूस कोण आहे मला माहीत नाही, पण मला असेच लोक टीममध्ये हवेत. मी सांगितलं कोण ते. तरीही त्यांना हवेच होते. त्याच दिवशी काकांना 'कम्युनिटी ॲडव्हायझर, रिमोट' अशा पदाची रीतसर मेल गेली, सोबत कंपनीची मूल्यं सांगणारं वीस पानी पीडीएफ.

काकांचं उत्तर रविवारी आलं, मला प्रत ठेवून. "पत्र पोचले. मूल्ये वाचली. वेतनश्रेणी कुठेही नमूद नाही, ती कळवावी."

एचआरनं अजून उत्तर दिलेलं नाही. काकांनी स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं आहे.