कारवी आणि नूतनीकरण

संशोधनात पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला दीर्घ मुदतीचे अनुदान मिळाले, की तो आता निवांत झाला, असा बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या शेजाऱ्यांचा समज आहे. प्रत्यक्षात दीर्घ मुदत म्हणजे पाच वर्षे, आणि त्यांतली शेवटची दोन नूतनीकरणाच्या तयारीतच जातात. त्यातून माझे दुर्दैव असे, की मी कारवीचा अभ्यास करतो. कणकुंबी-चोर्ल्याकडच्या घाटांतले हे झुडूप, कारवी, साधारणपणे सात वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरून जाते. अनुदानाच्या पहिल्याच वर्षी ती फुलली तेव्हा मी हरखून गेलो. मग बोटे मोजल्यावर ध्यानात आले, की पुढचा बहर आठव्या वर्षी, म्हणजे अजून मंजूरही न झालेल्या दुसऱ्या मुदतीच्या तिसऱ्या वर्षी येणार.

अर्जात ‘पाच वर्षांतील ठळक निष्पत्ती’ असा एक रकाना आहे. रोपे छातीपर्यंत आली, हे एकच सत्य मी तीन तऱ्हांनी लिहून पाहिले. तिसऱ्या तऱ्हेत ती रोपे मलाच ओळखू येईनात.

रोपांपेक्षा हिशेब जोमाने वाढला होता. पैसे ठरल्या कामीच खर्च झाले असे सांगणारे विनियोग प्रमाणपत्र, सरकारी वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) 12-ए नमुन्यात, सनदी लेखापालांच्या सहीने जोडायचे, आणि अनुदानावर बँकेने दिलेले व्याज भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत, परत भरायचे, असा नियम आहे. आमचे व्याज त्रेचाळीस रुपये निघाले. ते भरण्यासाठी खडेबाजारापर्यंत केलेल्या चार फेऱ्यांचे रिक्षाभाडे मात्र खर्चाच्या कोणत्याच शीर्षाखाली बसेना. (शिल्लक उरली तर ‘काम का केले नाही’ आणि उरली नाही तर ‘पुन्हा कशाला हवेत’, हे दोन्ही प्रश्न एकाच पत्रात आले होते.) मंजुरीला उशीर झाला, तर महिना 37,000 रुपयांवर काम करणाऱ्या माझ्या संशोधक विद्यार्थ्याचे काय, ही काळजी निराळीच, कारण त्याला पाहायला आलेल्या खानापूरच्या मंडळींनी नोकरीची मुदत विचारून ठेवली आहे.

शेवटी कामाचा तिमाहीवार तक्ता भरताना आमच्या लेखा विभागातले कारकून माझ्या खांद्यावरून डोकावले. बहर ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, असे मी लिहिले होते. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, “सर, एवढी फुलं मार्चएंडच्या आत बसवता येत नाहीत काय वो?”