दाढ दुखली आणि नाक वाकडं निघालं

दातांच्या खुर्चीत तासभर आ वासून बसायला सांगा, बसतो. पण त्या स्कॅनच्या मशीनमध्ये उभं राहणं नको, कारण तिथं काहीच करायचं नसतं आणि नेमकं तेच जमत नाही.

झालं असं की वरची उजवी दाढ ठणकत होती, खाली वाकलं की जास्त, गालही जड जड. डॉक्टरांनी आधी ओपीजी काढायला सांगितला. म्हणजे तो सगळा जबडा उलगडून सपाट केलेला फोटो, ज्यात आपण कायम हसत असतो, दुखत असलं तरी. हनुवटी इथं टेकवा, या प्लॅस्टिकच्या काडीला पुढच्या दातांनी चावा, जीभ टाळूला चिकटवा, हलू नका, गिळू नका. जीभ टाळूला का, तर मधे हवा राहिली की वरच्या दातांच्या मुळांवर काळा पट्टा येतो म्हणे. आता आयुष्यभर मी कधी जिभेकडे लक्ष दिलं नव्हतं, ती कुठं असते काय करते विचारलं नव्हतं, पण टाळूला चिकटव म्हणल्याबरोबर ती परक्याची असल्यासारखी तोंडभर फिरायला लागली. आणि गिळू नका म्हणल्यावर तोंडात इतकी लाळ येते की ती एवढा वेळ कुठं लपून बसलेली असते हा संशोधनाचा विषय आहे. मशीन घूंऽऽ करत डोक्याभोवती फिरतं आणि बरोबर तेव्हाच नाकाचा शेंडा खाजतो. तरी आपलं बरं म्हणायचं, १८९६ साली ओटो वॉल्खॉफ नावाच्या जर्मन दंतवैद्यानं स्वतःच्याच दातांचा एक्सरे काढला तेव्हा त्याला २५ मिनिटं तसंच थांबावं लागलं होतं. त्याचं नाक खाजलं असेल का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

फोटोत माझ्या दाढेची मुळं सरळ सायनसमध्ये, म्हणजे गालामागच्या हवेच्या पोकळीत, घुसलेली! मी गार. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, सपाट फोटोत पुढचं मागचं सगळं एकावर एक पडतं, त्यामुळे शेजारून गेलेलं मूळ पण आत गेल्यासारखं दिसतं. सीबीसीटी काढू, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, त्यात कळेल. आणि काढतोच आहोत तर जरा मोठा काढू, सायनस पूर्ण येतील, जबड्याचे सांधे पण येतील. तुमचा जबडा कटकट वाजतो ना?"

वाजतो. जांभई दिली की शेजारचा वळून बघतो.

तर परत चष्मा काढा, चेन काढा, काडीला चावा, घूंऽऽ. एकच बरं, सीटीस्कॅनसारखं आडवं व्हावं लागत नाही, उभ्याउभ्या काम होतं. स्कॅन झाला आणि डॉक्टरांना सवड होती पुढच्या आठवड्यात. मधल्या दिवसांसाठी माझ्या हातात एक सीडी दिली, बघायचं सॉफ्टवेअर पण तिच्यातच होतं. पेशंटला असली सीडी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्री सगळं घर लॅपटॉपभोवती. माऊसचं चाक फिरवलं की माझं डोकं काप काप करून सरकतं, वरून बघा, समोरून बघा, बाजूनं बघा. मेहुणा लगेच तज्ज्ञ. "दाजी, नाकाचा पडदा बघा तुमचा, वाकडाय!" बघतो तर खरंच, मधला पडदा एका बाजूला असा झुकलेला की जणू त्याला तिकडचं काही ऐकायचं होतं. इतकी वर्षं मी या नाकानं श्वास घेतोय आणि तक्रार नव्हती, पण त्या क्षणापासून मला श्वास कमी पडायला लागला. मग दिसलं की नाकातला एका बाजूचा मांसल उंचवटा चांगला फुगलेला आणि दुसरा बारीक. मेहुण्यानं ऑपरेशनपर्यंत मजल मारली. (हे नंतर कळलं: नाकाची एक बाजू फुगते, दुसरी ओसरते आणि काही तासांनी पाळी बदलते, चांगल्या नाकातही हे दिवसभर चालूच असतं. स्कॅन नेमका कुठल्या पाळीत निघाला एवढाच प्रश्न.)

खरा गोंधळ पुढंच. गालामागचा सायनस, जो स्कॅनमध्ये हवेनं भरलेला म्हणून काळा दिसायला हवा, त्याच्या तळाशी करडा थर. पण स्क्रीनवर डावीकडं! मेहुणा म्हणाला, "दाजी, दुखतंय उजवीकडं आणि बिघाड डावीकडं, तुमची दाढ चुकीची दुखतेय." मला ते पटायला पण लागलं होतं. तेवढ्यात बायको मागून म्हणाली, "अहो, कोपऱ्यात तो आर कशाला लिहिलाय? तुम्ही समोर उभे आहात असं धरून बघायचं, तुमची उजवी बाजू आपल्या डावीकडं येणार." शांतता. मेहुण्यानं विषय बदलला आणि तो थर म्हणजे पू आहे असं जाहीर केलं. तेही खोटंच, या स्कॅनमध्ये हाड झकास दिसतं पण सूज, शेंबूड, पू सगळं एकसारखं करडं, त्यातून रंग बघून निदान करणारा आमचा मेहुणा एकटाच.

रात्री झोप कसली लागते. वाचत बसलो. नॅथॅनियल हायमोर नावाच्या इंग्रज डॉक्टरानं १६५१ च्या पुस्तकात या गालामागच्या पोकळीचं वर्णन केलंय आणि त्यात एका बाईची हकीकत आहे. तिचा वरचा दात काढल्यावर भोक पडलं, तिनं त्यातून पिसाची काडी घालून बघितली, ती जवळजवळ सगळी आत गेली आणि बाईला वाटलं मेंदूला लागली. मला तिच्याबद्दल इतकी आपुलकी वाटली! तिच्याकडं सीडी नव्हती म्हणून पीस, एवढाच काय तो फरक.

डॉक्टरांकडं गेलो ते प्रश्नांची यादी घेऊन. त्यांनी नाकाकडं बघितलंच नाही. सरळ दाढेवर गेले आणि दाखवलं, एका मुळाच्या टोकाला हाड झिजून काळा गोल झालेला, त्याच्या वर सायनसचं पातळ हाड तुटलेलं आणि बरोबर तिथंच तो करडा थर. म्हणजे सर्दी दाढेतून वर चढली होती. एकाच बाजूचा सायनस भरला की दातावर संशय घ्यायचा असतो म्हणे. शिवाय या सायनसचं निचऱ्याचं भोक तळाला नाही तर वर, छताजवळ. पाण्याच्या टाकीचा नळ झाकणापाशी बसवल्यावर खाली गाळ राहणारच की. ज्यानं कुणी हे डिझाईन केलं त्याला माझ्या मेहुण्याशी एकदा बोलायला लावलं पाहिजे.

"आणि नाकाचा पडदा?"

"एकदम सरळ पडदा असलेला माणूस मला दाखवा."

"जबडा एका बाजूला सरकलेला दिसतोय तो?"

"तुम्ही काडी चावून उभे होता. काडी चावल्यावर जबडा जसा राहतो तसाच दिसणार. सांध्याचं हाड चांगलंय, गोल गुळगुळीत. आवाज येतो तो मधल्या चकतीचा आणि ती यात दिसतच नाही, ती बघायला एमआरआय लागतो." असं म्हणून त्यांनी दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली, उघडा म्हणाले, मिटा म्हणाले. कट्. "दुखतंय का?" नाही. "मग वाजू द्या." एवढा थ्रीडी खटाटोप करून जबड्याचं निदान शेवटी दोन बोटांनी झालं.

रूट कॅनाल सुरू झालंय. काही महिन्यांनी मुळाशी हाड भरलं का ते बघायला परत स्कॅन लागेल म्हणालेत, पण यावेळी छोटा, फक्त त्या दाढेपुरता, उगाच जास्त रेडिएशन कशाला. मी घरी सांगितलं तर मेहुण्याचा चेहरा पडला.

"म्हणजे नाक नाही येणार त्यात?"